खटका कुठल्या थरातला?

कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव मिळाला कुठं, तर पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडात. ती कुणी गुपचूप उचलून जुन्या वस्तूंच्या दुकानात नेली असती, तर एक सुबक विलायती बाहुली म्हणून विकली गेली असती. पण ती ब्रह्मपुरीत मिळाली हे माहीत होतं, तिच्यासोबत कांस्याच्या आणखी कोणत्या वस्तू होत्या हे माहीत होतं, आणि १९४५-४६ मध्ये तिथं रीतसर उत्खनन होऊन मातीचे थर नोंदले गेले. म्हणून आज आपण खात्रीनं म्हणतो की सातवाहनांच्या काळात इथला व्यापार समुद्रापलीकडं पोचला होता. थर ठाऊक असला की वस्तू बोलते.

टपाल आणि तार यांच्या जुन्या वस्तूंना हा न्याय मिळालेला नाही. त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाहीत, अगदी कालच्या आहेत, आणि तरीही त्यांचे थर झपाट्यानं पुसले जात आहेत. तारेचा पितळी खटका, म्हणजे बोटानं दाबून संदेश पाठवायची कळ, आज घासूनपुसून दिवाणखान्यात मांडलेला दिसतो. तो चकाकतो, पण तो कुठल्या तारघरातला, कुठल्या लाइनवरचा, त्याच्या शेजारी टेबलावर काय होतं, हे सांगणारं काहीच त्याच्याबरोबर आलेलं नसतं.

खरं तर खटका स्वतःही बरंच सांगतो, वाचता आला पाहिजे. त्याचे स्क्रू मोजावेत. अमेरिकी पद्धतीच्या खटक्याला तार जोडायला दोन स्क्रू असतात आणि बाजूला एक छोटी आडवी कळ. ब्रिटिश पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडं रुळलेल्या खटक्याला तीन. मधला दांडीचा, तो बाहेरच्या लाइनला जोडायचा. पुढचा बॅटरीला. आणि मागचा तिसरा स्क्रू ऐकण्याच्या यंत्राला. हात खटक्यावर नसतो तेव्हा स्प्रिंग दांडी मागं टेकवून ठेवते, म्हणजे लाइन आपोआप ऐकण्याच्या यंत्राशी जोडलेली राहते. खटका दाबला की मागची जोडणी सुटते, पुढची लागते, आणि बॅटरीचा प्रवाह लाइनवर जातो. बोलणं आणि ऐकणं एकाच तारेवरून, आणि बोट उचललं की तारघर पुन्हा कान देऊन बसलेलं. तिसऱ्या स्क्रूत तारघराची सगळी रीत आहे. संग्रहालयात खटक्याखाली ‘मोर्स की, पितळ व लाकूड’ एवढीच पाटी लावली तर हे सारं हरवतं.

खांबावरून मुळात एकच तार जायची. प्रवाहाला परतीची वाट लागते, ती जमिनीतून. दोन्ही टोकांना धातूची पत्रं खोल ओल्या जमिनीत पुरलेली असायची. उन्हाळ्यात वरची माती सुकली की तिचा रोध वाढतो आणि पलीकडं साउंडर, म्हणजे ठोके वाजवणारं ऐकण्याचं यंत्र, क्षीण वाजू लागतो. मग त्या खड्ड्यात पाणी ओतायचं. कोळसा आणि मीठ घालून जमीन ओलसर ठेवायची युक्ती आजही घरगुती अर्थिंगला वापरतात, ती जुनीच आहे. पावसाळ्यात त्रास उलटा. जमीन झकास ओली, पण खांबावरची चिनी मातीची भांडीही ओली. ती भांडी म्हणजे नुसती खुंटी नव्हे. आत एक आणि बाहेर एक अशा दोन वाट्या उपड्या घातल्यासारखा तिचा आकार असतो. बाहेरची वाटी भिजली तरी आतली कोरडी राहावी आणि प्रवाह खांबावरून जमिनीत झिरपू नये, यासाठी. कोळ्यानं आत जाळं विणलं, धूळ साठली, आणि वर गगनबावड्यासारखा आठवडाभर न थांबणारा पाऊस असला, की प्रत्येक भांड्यातून थेंबथेंब प्रवाह गळायचा. एका भांड्याची गळती मोजण्याइतकीही नाही. पण मिरज ते कोल्हापूर एवढं, साधारण ४८ किलोमीटरचं अंतर धरा आणि दर ६५ मीटरला एक खांब. सातशेच्या वर भांडी झाली. थेंबाथेंबानं हौद रिकामा होतो.

त्याच अंतराचा हिशेब पुढं नेता येतो. ४ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी तारेचा रोध किलोमीटरला ८ ते १० ओहम, म्हणजे एवढ्या अंतराला चारशे-साडेचारशे. त्यात पलीकडच्या यंत्राचा दोनशे मिळवा आणि बॅटरीचा स्वतःचा. बॅटरीचे दहा-बारा घट (सेल) एकामागं एक जोडले तरी हाती लागतो जेमतेम १५ मिलिअँपिअर प्रवाह. एवढ्याशा प्रवाहानं पितळी दांडी खणखणीत आपटत नाही. म्हणून मधे रिले लागतो. रिलेची जीभ हलकी असते, लाइनवरच्या अशक्त प्रवाहानंही ती हलते आणि टेबलाखालच्या दुसऱ्या, स्थानिक बॅटरीचं मंडल जोडते. मोठा आवाज करायचा तो या स्थानिक बॅटरीच्या जोरावर साउंडर करतो. रिले नसलेला साउंडर मांडणं म्हणजे चक्की मांडून पट्टा फेकून देणं.

बॅटरी तर कुठंच उरलेली दिसत नाही, कारण ती काचेची आणि मातीची. भारतीय तार खात्यात मिनोटो घट फार चालला. बरणीच्या तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे खडे, त्यावर वाळू किंवा लाकडाच्या भुशाचा थर आणि सगळ्यात वर जस्ताची जाड चकती. एका घटाला सुमारे १ व्होल्ट. भुशाचा थर मोरचुदाला जस्तापर्यंत पोचू देत नाही, हेच त्याचं काम. बरणी हलवली की थर मोडतो, निळं पाणी वर चढतं आणि जस्तावर तांब्याचा काळा लेप बसतो. म्हणून हे घट एकदा फळीवर मांडले की हलवायचे नाहीत, वरून फक्त पाणी घालत राहायचं. दुसरा प्रकार लेक्लांशे घटाचा. त्यात नवसागराचं पाणी, जस्ताची कांडी आणि सच्छिद्र मातीच्या भांड्यात कोळशाची पट्टी व मँगनीजची भुकटी. याचं दुखणं म्हणजे क्षार काचेवरून वर सरकत स्क्रूपर्यंत येतात आणि जोड खातात. बरणीच्या काठाला आतबाहेर मेण फासलं की ते थांबतं. जुन्या बरणीच्या गळ्याला पिवळट मेणाचा पट्टा दिसला, तर तो मळ समजून खरवडू नये. कुणीतरी काळजीनं लावलेला आहे तो.

तारेचा प्रवास कागदापासून सुरू व्हायचा. खिडकीवर छापील फॉर्म, त्यात एका घरात एक शब्द. पत्त्याचेही शब्द मोजले जात, म्हणून व्यापारी पेढ्या तारेसाठी एक शब्दाचा छोटा पत्ता नोंदवून ठेवत आणि त्याचं वर्षाचं शुल्क भरत. बाबू शब्द मोजून आकडा वरच्या रकान्यात लिहायचा, पैसे घ्यायचा, तारखेचा शिक्का मारायचा, फॉर्म स्वीकारल्याची वेळ टिपायचा. मग तो कागद आत, यंत्रावर. आधी पलीकडच्या तारघराला त्याच्या खुणेच्या अक्षरांनी हाक, त्यानं उत्तर दिलं की मथळा. तारेचा क्रमांक, निघाल्याचं ठिकाण, शब्दांची संख्या, वेळ. त्यानंतर पत्ता, मजकूर, सही. मजकुरात आकडे असतील तर ते शेवटी पुन्हा एकदा.

आकडे दोनदा का, हे मोर्सची लिपी पाहिली की कळतं. कट्ट म्हणजे आखूड खूण, कड म्हणजे लांब. पाचाला पाच कट्ट, एच अक्षराला चार. सहा म्हणजे एक कड आणि चार कट्ट, बी म्हणजे एक कड आणि तीन कट्ट. एक ठोका गिळला गेला की आकड्याचं अक्षर होतं. अक्षर चुकलं तर पुढचंमागचं वाचून शब्द ओळखता येतो, आकडा चुकला तर ओळखायला कसलाच आधार नाही. शाहूपुरीतल्या गुळाच्या दराची तार असेल तर एका ठोक्याची किंमत गाडीभर माल. म्हणून घेणारा बाबूही मजकूर संपल्यावर शब्द मोजायचा आणि मथळ्यातल्या आकड्याशी ताडून पाहायचा. जुळले नाहीत तर तार पुरी झाली असं तो मानायचाच नाही, शंकेच्या जागेपासून पुन्हा मागायचा. तार थेट मुक्कामी जात नसेल तर मधल्या प्रत्येक ठाण्यावर ती पुन्हा ऐकली, लिहिली आणि पुढं वाजवली जायची. दर टप्प्याला चुकीची एक नवी संधी, आणि दर टप्प्याला हीच मोजदाद.

स्वातंत्र्यानंतर देवनागरीत तारा जाऊ लागल्या, तेव्हा मराठीचा एक फायदा झाला. आपल्या विभक्ती शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीत जिथं दोन शब्द मोजले जातात, तिथं ‘कोल्हापुरात’ हा एकच शब्द. पैसा पैसा तोलून तार लिहिणाऱ्या माणसाला व्याकरणाची अशी मदत झाली. हे देवनागरी फॉर्म आता फार दुर्मीळ आहेत. कुणाच्या घरी जुन्या कागदांत एखादा असेल तर तो खटक्यापेक्षा अधिक मोलाचा आहे, असं आम्ही नि:संकोच म्हणू.

आता या सगळ्याचं घर कुठं, हा प्रश्न. जगातलं पहिलं टपाल संग्रहालय बर्लिनचं, १८७२ मधलं, हाइनरिश फॉन श्टेफान या जर्मन टपालप्रमुखानं उभं केलेलं. त्यानं टपालगाड्यांबरोबर तारयंत्रंही जमवली, कारण तिथं १८७६ मध्ये टपाल आणि तार एका छताखाली आले. शंभरेक वर्षांनी जर्मनीनं ही खाती पुन्हा वेगळी करून कंपन्या केल्या, पण त्याच वेळी, १९९५ मध्ये, संग्रहालयांसाठी एक सामायिक न्यास स्थापला. टपाल कंपनी आणि दूरध्वनी कंपनी, दोघींनी मिळून त्याचा खर्च उचलायचा. संसार वेगळे झाले, देवघर एकत्र राहिलं.

आपल्याकडचा क्रम असा. विल्यम ब्रुक ओशॉनेसी या डॉक्टरानं १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ प्रयोगाची लाइन टाकली. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन चालू झाली. १८५४ पर्यंत तारा आग्र्याला, मुंबईला, मद्रासला पोचल्या. त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १८५४ पासून, सबंध देशासाठी एक टपाल दर आणि एक तिकीट आलं. अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र, अंतर कितीही असो. पुढं १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड, १८८० मध्ये मनिऑर्डर, १८८२ मध्ये बचत बँक. १९१४ मध्ये टपाल आणि तार ही दोन्ही खाती एका महासंचालकाच्या हाताखाली एकत्र झाली. लोकांच्या तोंडी ‘पोस्ट अँड टेलिग्राफ’ हा जोडशब्द बसला तो त्यामुळं. दिल्लीत ६ जुलै १९६८ रोजी राष्ट्रीय संग्रहालय उघडलं तेव्हाही खातं एकच होतं, पण संग्रहालयाचं नाव ठेवलं फिलॅटेलिक, म्हणजे तिकिटांचं. त्या नावानं बरंच काही ठरवून टाकलं. तिकीट दिसायला सुंदर, मांडायला सोपं, चोरीला आणि पावसाला जपलं की झालं. तारयंत्र अवजड, मळकं आणि एकटं असलं की मुकं.

मग १९८५ मध्ये खात्याची वाटणी झाली. टपाल एकीकडं, तार आणि टेलिफोन दूरसंचाराकडं. २००० मध्ये दूरसंचाराची कंपनी झाली, आणि जुलै २०१३ च्या मध्याला तारसेवा थांबली. एकाच खात्यात सत्तरेक वर्षं वाढलेल्या दोन भावंडांची कागदपत्रं दोन मंत्रालयी कपाटांत गेली. हातानं वाटलेल्या तारेची पोच आणि टपाल वाटपाची वही शेजारी शेजारी पाहिल्या तरच एका गावाचा दिवस उभा राहतो. जर्मनीसारखा सामायिक न्यास आपण तेव्हाच केला असता, तर निदान वस्तूंची फाळणी झाली नसती. अजूनही करता येईल. दोन्ही खाती सरकारचीच आहेत.

कोल्हापूरचा स्वतःचा थर यात कुठं आहे? संस्थानाच्या काळापासून सुरुवात करावी लागते, आणि इथंच एक गैरसमज नेहमी आडवा येतो. भोर संस्थानानं स्वतःची टपाल तिकिटं काढली होती, १८७९ मध्ये आणि पुन्हा १९०१ मध्ये. कोल्हापूरनं काढली नाहीत. जुन्या अल्बमांत ‘कोल्हापूर संस्थानाचं तिकीट’ म्हणून जे मिरवतं ते कोर्ट फी किंवा महसुलाचं मुद्रांक असतं. ओळखायची रीत सोपी. टपालाच्या तिकिटावर पोस्टाचा गोल तारखेचा शिक्का असतो. मुद्रांक मात्र पेननं सही करून, दाभणानं भोक पाडून किंवा कचेरीच्या शिक्क्यानं रद्द केलेलं असतं, आणि मागं दस्तऐवजाच्या जाड कागदाचा तुकडा चिकटलेला राहतो. मुद्रांक म्हणून त्याचं मोल कमी नाही. फक्त त्याला त्याच्या खऱ्या नावानं ठेवायला हवं. टपाल तिकिटावर कोल्हापूर आलं ते बऱ्याच उशिरा, १९७९ मध्ये, राजर्षी शाहू छत्रपतींच्या चित्रासह.

१८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली आणि टपालाची चाल बदलली. त्याआधी टपाल घाटरस्त्यांनी, टांग्यांनी आणि धावणाऱ्या हरकाऱ्यांच्या खांद्यावरून. हरकाऱ्याची घुंगूरकाठी सगळ्या संग्रहालयांत असते आणि सगळ्यांना आवडते, तिच्याबद्दल इथं अधिक लिहीत नाही. रेल्वेनं जे आणलं ते कमी देखणं पण अधिक खोल होतं, ते म्हणजे वर्गवारी. पत्र कुठं जायचं, हे चालत्या डब्यात खणांच्या फळीपुढं उभं राहून ठरवायचं. खणांवरच्या गावांच्या पाट्या म्हणजे त्या काळाचा खरा नकाशा. रेल्वे कुठून वळते, कुठल्या गावाचं टपाल कुठं उतरतं, सगळं त्या पाट्यांत. लाकडी फळी भंगारात निघाली तरी त्या पाट्या क्रमानं उतरवून घ्याव्यात, नाहीतर निदान फोटो काढावा. क्रम विस्कटला तर उरतात नुसत्या पाट्या.

ही वर्गवारी गावांच्या नावांवर चाले, आणि सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांनी ती अडे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आलेला पिनकोड हे त्यावरचं उत्तर. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृत कवी म्हणून विद्वानांत मान्य होते. सहा आकडे. पहिला विभाग, दुसरा उपविभाग, तिसऱ्यापर्यंत वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन त्या जिल्ह्यातलं पोस्ट. ४१६ लिहिलं की पत्र कोल्हापूरच्या वर्गवारीत येतं. हा महसुली जिल्हा नव्हे, हे लक्षात ठेवावं. सांगलीचा ४१६४१६ आणि सावंतवाडीचा ४१६५१० हेही त्याच तीन आकड्यांनी सुरू होतात. टपालाचा भूगोल रस्ते आणि गाड्या पाहून आखला जातो, तहसील पाहून नव्हे. भौगोलिक विभाग आठ, आणि पहिल्या जागी ९ हा आकडा सैन्याच्या टपालासाठी राखलेला. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ हा पत्ता घरातल्या पोरासोरांनाही पाठ असतो. अशा घरांतली आंतरदेशीय पत्रं, त्यांवरचे फील्ड पोस्ट ऑफिसचे क्रमांकाचे शिक्के, हा या जिल्ह्याचा स्वतःचा संग्रह होऊ शकतो. दिल्लीला तो कधीच जमणार नाही.

अशी पत्रं जपताना पहिली गोष्ट, पाकिटावरचं तिकीट कापू नये, पाण्यात भिजवून सोडवू तर मुळीच नये. तिकिटं जमवण्याच्या छंदानं पिढ्यान्‌पिढ्या हेच नुकसान केलं आहे. समोरचा शिक्का पत्र कुठून, कधी निघालं ते सांगतो, मागचा शिक्का कधी पोचलं ते. दोन्हींमधला फरक म्हणजे त्या काळचा वेग. तिकीट सोडवलं की शिक्क्याचा पाव भाग हाती राहतो आणि उरलेला पाकिटाबरोबर कचऱ्यात जातो. आत पत्र असेल तर ते बाहेर काढून, उलगडून, सपाट ठेवावं, पण पाकिटाला आणि पत्राला एकच क्रमांक द्यावा, मऊ पेन्सिलीनं, कोपऱ्यात.

कोल्हापूरची हवा कागदाला सोसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणा बहुतेक दिवस ८५ टक्क्यांच्या पुढं असतो, कागदाला हवा ४५ ते ५५. तिकिटांचा गोंद ओल धरून एकमेकांना चिकटतो, पाकिटांवर बुरशीचे तपकिरी ठिपके उठतात. अख्खी खोली कोरडी करणं कुणाला परवडत नाही, बंद काचपेटी कोरडी करणं सहज जमतं. घनमीटरला २० किलो सिलिका जेल हा जुना, भरवशाचा हिशेब. ६० गुणिले ४० गुणिले ३० सेंटिमीटरच्या पेटीला म्हणजे दीड किलो पुरे. रंग बदलणारे दाणे घ्यायचे तर नारिंगी घ्यावेत, निळ्यात कोबाल्ट असतं. दाण्यांनी ओल प्यायली की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तीन-चार तास, गार करून पुन्हा पेटीत. आणि पेटीच्या झाकणाला फट असेल तर ही सगळी मेहनत वाया. आधी ती रबराच्या पट्टीनं बुजवावी.

बाजारातल्या स्वस्त प्लॅस्टिक पिशव्या बहुधा पीव्हीसीच्या. त्यांतलं तेल कालांतरानं सुटून शाई ओढतं. पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे घ्यावेत. चिकटपट्टी कुठंच नको. कसर लागली असेल तर डांबरगोळ्या घालू नयेत, पाकिटं पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावीत, आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव बसतं. प्रदर्शनात प्रकाश ५० लक्सपेक्षा जास्त नको. दर तीन महिन्यांनी मांडलेलं बदलावं.

यंत्रांची गोष्ट वेगळी. गणपती-दिवाळीला समई घासावी तसा खटका घासायचा मोह होतो. पितळ पॉलिशनं घासलं की आधी लाखेचा मूळ लेप जातो, मग ठोकलेले क्रमांक आणि खात्याची खूण झिजते. हे क्रमांक म्हणजेच थराची माहिती. धूळ मऊ कुंचल्यानं झाडावी, हिरवा गंज असेल तिथंच बांबूच्या काडीनं हलकेच काढावा, हातात नायट्राइलचे मोजे असावेत, घामाचा ठसा पितळावर वर्षभरात उमटतो. खटक्याची मूठ एबोनाइटची असते, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेडात राहिलं की ते काळ्याचं तपकिरी होतं आणि पृष्ठभागावर गंधकाचं आम्ल सुटतं. त्याला पाणी लावू नये, कोरड्या कापडानं पुसावं, आणि चांदीची वस्तू त्याच पेटीत ठेवू नये, ती काळी पडते.

साउंडर चालू स्थितीत असावा, ही आमची आग्रहाची सूचना. सगळे नकोत, दुर्मीळ असेल तो झाकूनच ठेवावा. पण एकसारखे दोन असतील तर एक वाजता हवा. आधी मल्टिमीटरनं कॉइल तपासावी. ब्रिटिश पद्धतीच्या साउंडरची कॉइल बरेचदा २० ओहमच्या आसपास असते. मीटर अनंत रोध दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे, बहुधा स्क्रूजवळच, जिथं सुती वेष्टन कुजलं आहे. तिथं डाग देऊन जोडता येते, सगळी कॉइल उकलू नये. मग ३ व्होल्ट, दोन साधे सेल. जास्त दिल्यानं आवाज वाढत नाही, कॉइल तापते. कॉइलला समांतर २०० ओहमचा एक रोध जोडावा, म्हणजे खटका सुटताना ठिणगी पडून टोकं खाल्ली जात नाहीत. टोकं मळली तर मधे स्वच्छ कोऱ्या कागदाची पट्टी धरून ओढावी, पॉलिश पेपर कधीच लावू नये.

राहिली जुळणी. खटक्याच्या पुढच्या टोकाशी पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट. साउंडरची दांडी खाली आपटते तेव्हा तिला बसवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे आर्मेचर, चुंबकाला टेकता कामा नये, मधून पातळ कागद सरकला पाहिजे. टेकलं तर प्रवाह थांबल्यावरही उरलेल्या चुंबकत्वानं ते चिकटून बसतं आणि अक्षरं एकमेकांत मिसळतात. स्प्रिंग फार घट्ट केली तर दांडी उचलून धरली जाते, कट्ट गिळले जातात. फार सैल केली तर कडच कड ऐकू येतं. दोन्हींच्या मधली जागा कानानंच सापडते, मोजून नाही.

आणि वाजवायचं काय, तर गावाचं नाव. इंग्रजी अक्षरांत कोल्हापूर म्हणजे १५ कट्ट आणि ११ कड. एक कट्ट ही एक मात्रा, एक कड तीन, अक्षरातल्या दोन खुणांमधली शांतता एक, दोन अक्षरांमधली तीन. सगळ्या मिळून ८७ मात्रा. मिनिटाला वीस शब्दांच्या गतीनं सव्वापाच सेकंद. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की प्रत्येक आवाज म्हणजे एक खूण. तसं नसतं. दांडी खाली जाताना एक ठोका वाजतो, वर येताना दुसरा, थोडा हलका. दोन ठोके लगेच आले तर कट्ट, थोडं थांबून आले तर कड. बाबू ठोके ऐकत नव्हता, त्यांच्यामधली जागा ऐकत होता. साउंडरला तीन बाजूंनी लाकडी आडोसा करायचे तो यासाठीच, शेजारच्या टेबलावरची जागा आपल्या कानात येऊ नये म्हणून.